उखळात डोकं

एकाच आठवड्यात आमच्या घरातले दोन सांधे गेले. एक आईचा, डावा खुबा. दुसरा गाडीचा, पुढचा डावा बॉल जॉईंट. आईचा सोमवारी कळला, गाडीचा मंगळवारी, आणि दोन्हीकडच्या तज्ज्ञांनी कानामात्रेचाही फरक न करता एकच वाक्य उच्चारलं, "झिजलाय. बदलावा लागेल. जितकं लांबवाल तितकं महागात पडेल." डॉक्टरांनी ते एक्स-रे उजेडासमोर धरून सांगितलं, मेकॅनिकने चाकाखाली पहार घालून. एवढाच काय तो फरक.

गाडीचा आवाज तसा तीन महिने येत होता. मारुती मंदिरच्या चौकात वळताना 'कट्ट', आमच्या गल्लीतल्या गतिरोधकावर 'खड-खट्ट'. बायको म्हणाली, "डिकीत काहीतरी लोळतंय." मी डिकी रिकामी केली. एक मोडकी छत्री, दोन करवंट्या आणि गेल्या वर्षीच्या आंब्याच्या पेट्यांमधलं गवत निघालं. आवाज तसाच. मग मी काचा वर करून एसी लावला. आवाज निम्मा झाला. त्या अर्थी बिघाडही निम्मा झाला असं धरून मी आणखी एक महिना काढला.

गाडीचं नाव सांगत नाही, कारण चूक तिची नव्हे. तिची बारा वर्षं रत्नागिरीत गेलीत. इथे वारा खारा, पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि दर मे महिन्यात डिकीत हापूसच्या पेट्या भरून आंबा घाटातून कोल्हापूरला, मेहुण्याकडे. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 साली पनवेलच्या बाजूने सुरू झालं, तेव्हा तर ती जन्मालाही आली नव्हती. सरळ रस्ता म्हणजे काय हे त्या बिचारीला माहीतच नाही. तिचं सगळं तारुण्य डायव्हर्जनवर गेलं. अशा परिस्थितीत माणसाचेसुद्धा सांधे टिकत नाहीत.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. कोपर आणि गुडघा म्हणजे बिजागरीचा सांधा, खांदा आणि खुबा म्हणजे उखळीचा सांधा, हे गेली सव्वीस वर्षं फळ्यावर आकृती काढून सांगतोय. गाडीचा बॉल जॉईंट म्हणजे हुबेहूब तीच आकृती. लोखंडी खुंटीच्या टोकाला एक गोटी, ती बसते एका वाटीत, मध्ये ग्रीस, वरून रबराचं टोपरं. चाक खड्ड्यात वरखालीही व्हावं आणि स्टिअरिंगबरोबर वळावंही, अशी दोन्ही कामं तो एकटा सांधा करतो. टोपरं फाटलं की पाणी आणि माती आत जाते, ग्रीस वाहून जातं, गोटी वाटीत खुळखुळायला लागते. मेकॅनिक म्हणाला होता, "असाच फिरवलात तर एक दिवस चाक फाकून आडवं होईल." थोडक्यात, आईचा आणि गाडीचा एकच धडा कच्चा राहिला होता, आणि मी त्या धड्याचा शिक्षक.

आई शस्त्रक्रियेचं नाव काढू देईना. "डॉक्टरने सांगितलंन म्हणून काय झालं? जातं झिजलं तर टाकी लावून घेतात, फेकून देतात होय?"

"त्यात काय एवढं, आई?" मी म्हटलं. "झिजलेला काढायचा, नवा बसवायचा. तास-दीड तासाचं काम."

"काल त्या मेकॅनिकलाही तू हेच म्हणालास."

म्हणालो होतो. त्याने चिमटा आणि मजुरी धरून 2800 रुपये सांगितले होते, तेव्हा मी अगदी याच सुरात म्हणालो होतो, "त्यात काय एवढं? तीन बोल्ट तर काढायचे!" आई गाडीतच बसलेली होती. तिचा खुबा झिजला असेल, कान नाही.

"मग आधी गाडीचा बसवून दाखव," ती म्हणाली. "तो नीट बसला तर माझ्याही खुब्याचं बघू."

"चालेल," असं माझ्या तोंडातून निघून गेलं. उखळात डोकं घातल्यावर मुसळाची भीती कशाला, अशी म्हण आहे. पण ती ज्याने केली त्याचं मुसळ दुसऱ्याच्या हातात असणार. माझं माझ्याच हातात होतं.

त्या रात्री मी व्हिडिओ बघितला. एक अमेरिकन गृहस्थ, त्याचं गॅरेज आमच्या देवघरापेक्षा स्वच्छ. त्याने नट काढला, एक टिचकी मारली, सांधा खाली आला. वीस मिनिटं. त्या गाडीच्या बोल्टांना गंज म्हणून नव्हता. तो बहुधा वाळवंटात राहत असावा. मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. तिसऱ्या वेळी तर मी त्याच्या चुका काढू लागलो होतो.

हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत नुसती गोटी मिळत नाही. ती जोडलेला अख्खा खालचा आर्म, म्हणजे मेकॅनिक लोक ज्याला चिमटा म्हणतात तो, घ्यावा लागतो. स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो.

"कुठला देऊ? क्लिनर साईड की ड्रायव्हर साईड?"

आमच्या गाडीला क्लिनर कधी नव्हता, त्यामुळे मी गोंधळलो. डावा, एवढं पक्कं ठाऊक होतं. मी डोळे मिटले, गाडी डोळ्यांसमोर उभी केली, आणि माझा डावा हात जिकडे गेला तिकडे बोट दाखवून म्हणालो, "ड्रायव्हर साईड." गाडी मी डोळ्यांसमोर उभी केली होती हो, पण तिचं तोंड माझ्याकडे होतं. समोरासमोर उभ्या असलेल्यांचं डावं-उजवं उलट होतं, हे मी सातवीला आरशाच्या धड्यात शिकवतो. चूक घरी येऊन कळली. परत दुकानात पोचलो तेव्हा एक वाजून पाच मिनिटं झाली होती. रत्नागिरीत दुपारी एक ते चार या वेळात फक्त समुद्र चालू असतो. तीन तास मी तो उजवा चिमटा मांडीवर घेऊन पायरीवर बसलो. दोन ओळखीच्यांनी विचारलं, "आई कशा आहेत?" मांडीवर वाकडंतिकडं लोखंड आणि चेहरा तसला; त्यांना वाटलं असावं की आईचंच काहीतरी सामान आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी जॅक लावला. आमचं अंगण तांबड्या मातीचं. दांडा फिरवतोय, फिरवतोय, गाडी काही वर येईना. खाली वाकून बघतो तर जॅक मातीत जातोय. आणखी अर्धा तास फिरवला असता तर पाणी लागलं असतं. मग जॅकखाली जांभ्याचा चिरा ठेवला. या चिऱ्यांवर अख्ख्या रत्नागिरीची घरं उभी आहेत, तर एक गाडी का राहू नये? पण घराचा भार भिंतभर पसरतो, जॅकचा एका टिचभर जागेत येतो. चिऱ्याने 'कर्रर्र' केलं आणि त्याचे दोन सुबक तुकडे झाले. दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावरील बल. नववी.

शेवटी आईने आतून फणसाचा पाट पाठवला. या पाटावर माझी मुंज झाली होती. तो जॅकखाली सरकवला आणि गाडी डुलत डुलत वर आली. मग चाकाचे नट सोडवायला गेलो तर नटाबरोबर चाकही गोल फिरायला लागलं, कारण नट आधी, गाडी जमिनीवर असताना ढिले करायचे असतात. गाडी खाली. नट ढिले. गाडी वर. या एवढ्या खटाटोपात सकाळचे साडेअकरा झाले आणि अंगणात सहा माणसं जमली.

गाडीचं चाक काढून ठेवलं की माणसं कुठून येतात हे कोडं आहे. सत्यनारायणाला निमंत्रण देऊनसुद्धा एवढी येत नाहीत. शेजारचे बँकेतून निवृत्त झालेले भाऊ खुर्ची घेऊनच आले. गॅसवाला रिकामा सिलिंडर न उचलता उभा राहिला. नारळ पाडायला आलेला गडी माडाच्या शेंड्यावर होता, तो तिथूनच ओरडायचा, "गुरुजी, उलटा! उलटा फिरवताय!" आणि खरंच मी उलटा फिरवत असायचो. उताणं पडून चाकाखाली गेलं की घड्याळाची दिशासुद्धा फिरते. त्याला वरून नीट दिसत होती.

प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य. "त्यात काय एवढं?" एकाच्याही हातात पाना नाही.

बॉल जॉईंटच्या खुंटीवर जो नट असतो त्याला वरून खाचा असतात, अगदी किल्ल्याच्या तटासारख्या. म्हणून इंग्रजीत त्याला कॅसल नटच म्हणतात. त्या खाचेतून आरपार एक पिन घातलेली, नट आपोआप सुटू नये म्हणून. आमचा रत्नदुर्ग तीन बाजूंनी समुद्राने वेढलाय, हा चारी बाजूंनी गंजाने. पिन ओढली तर तिचं डोकं हातात आलं, धड आतच. ती टोचून टोचून काढण्यात दुपार गेली. मग नटाला पाना लावला. हलेना. भाऊ म्हणाले, "तरफ वापर. तूच शिकवतोस ना?"

शिकवतो. बलभुजा जितकी लांब तितका जोर कमी लागतो. विहिरीवरच्या जुन्या पंपाचा दीड हाताचा पाईप पान्याच्या दांड्यात अडकवला आणि दोन्ही पाय टायरला रेटून ओढला. आर्किमिडीजला पृथ्वी हलवायला टेकू हवा होता. मला तो नको होता. नट अचानक सुटला आणि मी मागे पडवीजवळ ठेवलेल्या रायवळ आंब्यांच्या करंडीत जाऊन बसलो.

सगळे दचकले. आई ओटीवरून शांतपणे म्हणाली, "आता बसलाच आहेस तर नीट बस. रस तरी निघू दे. साटं घालू."

नट निघाला म्हणजे काम झालं, असं मला वाटलं होतं. पण खरी मेख पुढे होती, आणि मेख हा शब्द मी विचारपूर्वक वापरतोय. ती खुंटी सरळ नसते, निमुळती असते, आणि तशाच निमुळत्या भोकात ठोकून बसवलेली असते. पाचरीसारखी. नट हा नुसता पहारेकरी. धरून ठेवते ती पाचर. बारा वर्षांत ती पाचर आणि भोक यांचा असा संसार जमला होता की आता त्यांना वेगळं करणं पाप वाटावं.

शनिवारी डिझेल ओतलं. रविवारी 380 रुपयांचा गंज काढायचा स्प्रे मारला. बॉल जॉईंट ओढून काढायचं एक यंत्र 900 रुपयांना आणलं, ते दुसऱ्याच कुठल्या तरी मोठ्या गाडीचं निघालं. आमच्या सांध्याला ते म्हणजे कुंकवाच्या करंड्याला पिंपाचं झाकण. वरून खाली ठोकलं, खालून वर ठोकलं. भाऊंनी खोबरेल सुचवलं. गॅसवाला आता नेमाने सकाळी येऊन प्रगती विचारून जायचा. तो म्हणाला, कोल्ड्रिंक ओता. आईने आमसुलं भिजत घालून ते पाणी तांब्यातून पाठवलं, "माझी तांब्याची भांडी कशी लखलखीत होतात!" मी तेही ओतलं. एव्हाना मी कोणीही काही दिलं तरी ओतत होतो. आमसुलाने खुंटीचं डोकं खरोखर लखलखीत झालं. सांधा हलला नाही, पण दिसायला लागला फार सुंदर.

थिबा राजाला इंग्रजांनी 1886 साली रत्नागिरीत आणून ठेवलं आणि 1916 साली इथेच मरेपर्यंत त्याला परत ब्रह्मदेशी जाऊ दिलं नाही. तीस वर्षं. लहानपणी शाळेच्या सहलीत त्याचा राजवाडा पाहताना मला त्याचं नीटसं दुःख कळलं नव्हतं. त्या रविवारी संध्याकाळी, एका बाजूने पाटावर टेकलेली गाडी, तिच्याखाली उताणा मी, आणि माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर तो सांधा. मला राजाची फार आठवण आली.

सोमवारी सकाळी फाटकात एक स्कूटर थांबली. बायकोने माझ्या अपरोक्ष गॅरेजला फोन केला होता. मेकॅनिक स्वतः आला नाही, त्याचा हाताखालचा मुलगा आला. वीस-एकवीस वर्षांचा असेल. मला बघून त्याने आधी वाकून नमस्कार केला. माझा विद्यार्थी. आता विद्यार्थ्यापुढे चाकाखालून सरपटत बाहेर येण्यात जेवढी शान राखता येते तेवढी मी राखली.

त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. "सर, हा चिरा कोणी ठेवलान?"

"मी."

"असं नाय करायचं, सर." पुढे, "सर, हे लाल-लाल काय?"

"आमसूल."

तो काहीच बोलला नाही. शिक्षकाला ओरडायची सोय नसलेला मुलगा जसा गप्प होतो तसा गप्प झाला. मग म्हणाला, "तुम्ही खुंटीवर ठोकलंत ना, सर? खुंटीवर नाय ठोकायचं. भोकावर ठोकायचं."

त्याने पिशवीतून दोन हातोडे काढले. एक जड, एक हलका. जड हातोडा त्या लोखंडी भोकाच्या एका कुशीला टेकवून धरला आणि समोरच्या कुशीवर हलक्याने मारला. एक. दोन. तिसऱ्याला 'टण्ण' झालं आणि चिमटा धप्पकन खाली पडला. घाव बसला की भोक क्षणभर, केसभर लांबट होतं, तेवढ्यात पाचरीची पकड सुटते. इतकंच. माझ्या मनगटावर घड्याळ होतं. मी मुद्दाम बघितलं नाही.

"गरम करून पण निघतो, सर," तो चिमट्याचे बाकीचे बोल्ट काढता काढता म्हणाला. "ते तुम्ही दाखवायचात ना, कड्यातून न जाणारा गोळा? कडं तापवलं की सुळकन जायचा. तसंच. पण इथे ब्रेकच्या नळीला धग लागली असती."

त्या प्रयोगासाठी मी दर वर्षी नवीन स्पिरिट मागवतो. गोळा, कडं, सांडशी सगळं माझ्या कपाटात आहे, किल्लीसुद्धा माझ्याच खिशात. तीन दिवसांत त्याची एकदाही आठवण झाली नव्हती.

पाऊण तासात त्याने नवा चिमटा बसवला, नवी पिन घालून तिची टोकं दुमडली. आतल्या बाजूचे बोल्ट मात्र त्याने जेमतेम अडकवले. मला वाटलं, सापडला! म्हटलं, "हे ढिले राहिले."

"राहू देत, सर. गाडी जमिनीवर टेकली की मग आवळायचे. लटकत्या गाडीत आवळलेत तर आतलं रबर पिळवटून राहतं, चार महिन्यांत फाटतं."

त्याच्यामागे ओटीवर आई मान डोलवत होती. इतका वेळ ती कुणाच्याही कीर्तनाला बसलेली मी पाहिली नाही.

मुलाने 500 रुपये मागितले, चहा घेतला आणि जाताना फाटकाजवळून ओरडून सांगितलं, "अलाइनमेंट करून घ्या, सर!" गरज होतीच. गाडी इतकी डावीकडे ओढत होती की स्टिअरिंग सोडलं तर ती आपण होऊन देवळात दर्शनाला गेली असती. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत ते काम झालं. येताना गल्लीतल्या गतिरोधकावर मी काचा खाली केल्या. खड नाही, खट्ट नाही. माणसाला शांतता इतकी खुपू शकते याची मला कल्पना नव्हती.

रात्री बायकोने हिशोबाची वही काढली. चिमटा 1600, पान्यांचा संच 1450, ओढायचं यंत्र 900, स्प्रे 380, मुलगा 500, अलाइनमेंट 400, गाडी बंद म्हणून रिक्षा 220, आंबे 150.

"आंबे कशाला धरलेस?"

"बसलात ते."

एकूण 5600. मेकॅनिकने सांगितलेल्या आकड्याच्या बरोबर दुप्पट, पै न पै. देवाणघेवाणीत इतकी नेटकी चूक मी आजवर केली नव्हती. शिवाय पान्यांचा संच कायमचा घरात राहिला, असं मी म्हणणार होतो. पण तिने वही मिटली आणि मीही तोंड मिटलं.

आई मात्र तयार झाली. मी काहीही न बोलता, आपणहून. "त्या पोराने तीन घाव घातलेन आणि सुटला," ती म्हणाली. "ज्याचं काम त्याने करावं. चल, घे डॉक्टरांची वेळ." मला बरं वाटलं. नंतर वाक्याचा पूर्वार्ध पुन्हा आठवला आणि तितकंसं बरं वाटलं नाही.

डॉक्टरांच्या खोलीत मी धास्तावलो होतो. हाडांच्या शस्त्रक्रियेत हातोडा वापरतात हे मला वाचून ठाऊक होतं, आणि ती तेच विचारणार याची खात्री होती. डॉक्टर समजावून सांगत होते. मांडीच्या हाडाचं डोकं काढायचं, नवी वाटी बसवायची, दुसऱ्या दिवसापासून आधाराने चालवायचं. आई सगळं ऐकत होती. जॅक, पाट, चिरा, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून जात असणार.

"काही विचारायचंय, आजी?"

"डावा म्हणजे," आई म्हणाली, "क्लिनर साईडचा हं."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या सापळ्याच्या चित्राकडे बघितलं. थोडक्यात सगळी हकीकत सांगावी लागली. ते खूप हसले आणि म्हणाले, "आजी, काळजी करू नका. ऑपरेशनच्या आधीच आम्ही पेनने त्या पायावर बाण काढून ठेवतो."

"बाण कोण काढणार? तुम्ही?"

"मीच."

"मग हरकत नाही," आई म्हणाली, आणि काठी माझ्या दिशेने जराशी उचलून पुढे म्हणाली, "ह्याच्या हातात पेन तेवढं देऊ नका."